अठ्ठेचाळीस मिनिटांची डिस्क

६ फेब्रुवारी

प्रिय भाचीबाई,

तीन वर्षांत मी तुला पत्र लिहिलं नाही आणि आज लिहितोय ते शपथ मोडून. तुझ्या आईने बजावलं होतं, "तिला कळवशील तर मी तुझ्याशी बोलणार नाही." आता ती कुणाशीच बोलू शकणार नाही, तेव्हा त्या धमकीला तसा काही अर्थ उरला नाही.

घाबरू नकोस. ताई बरी आहे. गळ्यात गाठ होती. एक तारखेला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. गाठ पूर्ण गेली असं म्हणतात. आवाजही गेला. पलंगावर बसून ती वहीत लिहिते आणि नर्सच्या चुका लाल पेनने दाखवते, यावरून तब्येतीचा अंदाज घे.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात ती चौकातल्या फोटो स्टुडिओत गेली. स्टुडिओवाला लग्नाबिग्नाची रेकॉर्डिंगं करतो. त्याच्याकडे बसून तिने एक डिस्क भरून घेतली. घरी आणून तू पहिल्या पगारातून घेतलेल्या त्या सीडी प्लेअरवर एकदा, दार लावून, वाजवून पाहिली. मला म्हणाली, "घरी परत आल्यावर ऐकेन. तोवर ही डिस्क घराबाहेर जाता कामा नये."

काल सहज लावून पाहिली. ट्रे आत गेला, गुरगुरला आणि पडद्यावर अक्षरं आली, नो डिस्क. दहा वेळा लावली, दहा वेळा तेच. विकतच्या गाण्यांच्या डिस्कलाही तेच.

ताई चोवीस तारखेला घरी येते. तिचा आवाज जगात त्या एका जागी शिल्लक आहे. फोन करू नकोस, माझे कान तुला माहीत आहेत, फोनवर मला फक्त मधमाश्या ऐकू येतात. काय करू ते लिहून कळव.

तुझा मामा

•

९ फेब्रुवारी

मामा, नमस्कार.

पुढचं सगळं रागात लिहिते आहे, म्हणून नमस्कार आधीच केला.

बाबांच्या वेळी तिने लपवलं. कंपनीने मला सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं, "तिचं शिक्षण मोडायला नको" म्हणून सगळ्यांची तोंडं बंद केली, आणि मी पोचले तेव्हा बाबांचे चष्मे कपाटात ठेवून झाले होते. आता स्वतःच्या वेळीही तेच. तुम्ही दोघं भावंडं कोणत्या शाळेत शिकलात हो, जिथे मुलांना काही सांगायचं नसतं?

आता मशीन. आमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये हा प्लेअर आठवड्याला दोनतीन तरी येतो. मालक मंडळी सगळी एकच सांगतात: बटणं खुळखुळ्यासारखी, ट्रे बाहेर येतो तो जीभ दाखवल्यासारखा, रिमोटसाठी उठून त्याच्या जवळच जावं लागतं, पण या किमतीत इतका गोड वाजणारा दुसरा नाही. आणि हा खातोही काहीही. महागडी मशीनं घरी भरलेल्या डिस्कला नाक मुरडतात. हा बिचारा वाचतो.

मला पुढच्या गोष्टींची उत्तरं द्या. डिस्क आत गेल्यावर फिरते का? फिरते तर किती वेळ? तिची चमकती बाजू चांदीसारखी आहे की करड्या आरशासारखी? आणि मामा, ती नीट चालत होती, मग मधे काय झालं? तुम्ही प्लेअर उघडलात का? आत काही लावलंत का?

खरं सांगा. घड्याळवाल्याचे हात गप्प बसत नाहीत.

ती कशी आहे हे मी विचारत नाही. तुम्ही आपणहून लिहिलंत तर वाचीन.

•

१२ फेब्रुवारी

भाचीबाई,

पकडलंस. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं उघडतोय, कुणी मला उघडलं नव्हतं.

ताई यायच्या आत मशीन झकास करून ठेवावं असं मनात आलं. झाकण काढलं. आत एक इवलंसं भिंग, त्यावर धूळ. घड्याळाचे भाग मी बेंझीनमध्ये धुतो, सगळे धुतात. काडीला कापूस गुंडाळला, बेंझीनमध्ये बुडवला आणि भिंग पुसलं. वर आणि भिंग ज्यावर सरकतं त्या रुळाला तेलाचा एक थेंबही दिला. त्यानंतर नो डिस्क. पहिल्या पत्रात हे लिहायला लाज वाटली.

डिस्क फिरत नाही. जरा हलते आणि थांबते. रंग करडा.

इथे मी आणखी एक मूर्खपणा केला. समोर राहणाऱ्या निवृत्त कप्तानाकडे भिंतभर स्पीकर आणि एक भलं थोरलं मशीन आहे. डिस्क रुमालात गुंडाळून त्याच्याकडे नेली. घराबाहेर काढायची नाही, हे वचन मोडलं. त्याच्या मशीननेही ती ओळखली नाही. कप्तान म्हणाला, "कोरी आहे ही." तिथून स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाला म्हणतो, भरलेली आहे, पण त्याच्या कॉम्प्युटरवरचं मूळ त्याने पुसलं, जागा लागते म्हणून. वर म्हणाला, द्या इकडे, कॉम्प्युटरमध्ये घालून बघतो. दिली नाही.

ताई आज खिडकीपर्यंत चालली. वहीत लिहिलं, "मशीन ठीक आहे ना?" मी मान डोलावली. खोटं बोलायला तोंड उघडावं लागलं नाही, एवढंच बरं.

बारा दिवस उरले.

मामा

•

१४ फेब्रुवारी

मामा,

बेंझीन! ते भिंग काचेचं नाही, प्लास्टिकचं आहे. बेंझीनने त्याच्यावर मोतीबिंदू चढला. पुसून, फुंकून, हात जोडून तो जाणार नाही. मशीनचा डोळा गेला.

रागावत नाही. आमच्याकडे एका गिऱ्हाइकाने ते थुंकीने पुसलं होतं आणि एकाने टूथपेस्टने. तुम्ही निदान शिकल्यासवरल्यासारखी चूक केलीत.

डिस्क स्टुडिओवाल्याला दिली नाहीत, हे या पत्रव्यवहारातलं पहिलं शहाणपण. ती करडी डिस्क परत परत भरता येणारी आहे. भरता येते म्हणजे पुसताही येते. कॉम्प्युटरवर एक बटण चुकलं तर संपलं. कुणाच्याही हातात देऊ नका.

उपाय एकच: नवा डोळा बसवायचा. अख्खं लेझर युनिट आज कुरिअरने पाठवते आहे. चार स्क्रू, एक चपटी पट्टीसारखी वायर. तुमच्या हाताला हे काम म्हणजे काहीच नाही. पण त्यात एक धोका आहे, आणि बसवायची नेमकी रीत मी इथे एका प्लेअरवर स्वतः करून, प्रत्येक पायरी तपासून, वेगळ्या पत्रात लिहिणार आहे. माझं ते पत्र येईपर्यंत पाकीट फोडू नका. दोनदा लिहिते: फोडू नका.

मी स्वतः का येत नाही, असं तुमच्या मनात असेल. रजा मिळत नाही.

हे खोटं आहे. रजा मिळते. निघताना दारात मी तिला म्हणाले होते, "मला तुझा आवाजसुद्धा ऐकायचा नाही." तुम्ही जिन्यात बॅग धरून उभे होतात, तुम्ही ऐकलंत. आता कोणत्या तोंडाने येऊ?

•

१९ फेब्रुवारी

भाचीबाई,

मी पाकीट फोडलं.

सोळाला पाकीट आलं. पत्र नाही. सतराला नाही, अठराला नाही. पोस्टमन आता मला पाहून रस्ता बदलतो. दवाखान्यातून निरोप आला की ताईला एक दिवस आधी, तेवीसलाच सोडणार. माझा धीर सुटला.

दुकान बंद केलं, डोळ्याला भिंग लावलं, सगळं एकदम स्वच्छ केलं. जुनं युनिट काढलं, नवं बसवलं, चारही स्क्रू, पट्टीची वायर सरळ. तेल नाही, बेंझीन नाही, शप्पथ. काम देखणं झालं. फक्त नव्या युनिटच्या कडेला मोहरीएवढा सोल्डरचा, वायरी जोडायच्या धातूचा, एक थेंब होता, दोन तांब्याच्या ठिपक्यांना चिकटलेला. कारखान्यातल्या कुणाचा तरी गबाळेपणा, असं वाटलं. दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही ही माझी सवय, म्हणून राहू दिला.

डिस्क घातली. नो डिस्क.

मग आठवलं की मी लोकरीचा स्वेटर घातला होता आणि दिवसभर दाराच्या मुठीला हात लावला की झटका बसत होता. तू धोका म्हणालीस तो हाच का? मी नवा डोळाही फोडला का? बहिणीचा आवाज मी दोनदा घालवला का?

चार दिवस उरले. काल ताईने वहीत पान भरून एकच प्रश्न विचारला, "तू माझ्याकडे बघत का नाहीस?"

मामा

•

१७ फेब्रुवारी

मामा,

उशीर झाला. बेंचवर तीन दिवस प्लेअरच मोकळा मिळाला नाही, आणि न करता लिहायचं नव्हतं. आता नीट वाचा, मगच पाकीट उघडा.

लोकरीचं काही अंगावर नको. सुती शर्ट. उघड्या तांब्याच्या तारेचं एक टोक मनगटाला गुंडाळा, दुसरं पाण्याच्या नळाला. हसू नका, आम्ही सगळे इथे असेच बांधलेले बसतो. अंगातली वीज दिसत नाही, पण लेझरला ती एका क्षणात मारते.

म्हणूनच कारखाना त्याच्या कडेला सोल्डरचा एक थेंब मुद्दाम टाकून पाठवतो. त्या थेंबामुळे लेझर झोपलेला राहतो आणि बाहेरची वीज त्याला इजा करू शकत नाही. युनिट बसवून झालं, सगळ्या वायरी जोडून झाल्या की, आणि त्यानंतरच, गरम सोल्डरिंग गन टेकवून तो थेंब काढायचा. तो असेपर्यंत मशीन काहीही वाचणार नाही. नो डिस्क म्हणेल. नव्या माणसाला वाटतं युनिट खराब निघालं, आणि तो ते फेकून देतो.

पायऱ्यांचं चित्र मागे काढलं आहे. बाण तिथे थेंब.

मामा, वाजली तर पुढे ऐकू नका. कुणासाठी भरली ते मला माहीत नाही. तिचं तिला ऐकू द्या. मला फक्त एवढंच कळवा की आवाज नीट आहे.

•

२२ फेब्रुवारी

भाचीबाई,

तुझं सतराचं पत्र आज सकाळी आलं. तो गबाळेपणा नव्हता!

सुती शर्ट घातला आणि मनगटाला तार बांधून नळाला जोडून घेतलं. कप्तान साखर मागायला आला, मला नळाला बांधलेला पाहिला आणि साखर न घेता गेला. गरम गन तीनदा टेकवायला नेली, तीनदा मागे घेतली, मग थेंब काढला. बायकांच्या घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग लावतानाही मी असं कधी केलं नव्हतं.

डिस्क घातली. ट्रे आत. एक, दोन, तीन... आठ सेकंद. हा स्वस्तातला जीव विचार करायला वेळ घेतो. आणि पडद्यावर आकडे आले: गाणी १, मिनिटं ४८.

मी स्पीकरला कान लावून बसलो होतो. ताईचा आवाज आला, शाळेत शिकवताना पलीकडच्या तिसऱ्या वर्गापर्यंत पोचायचा तोच, खणखणीत. म्हणाली:

"खारू, आधी नाक शिंक आणि मग ऐक."

मी बटण दाबलं. पुढचं एक अक्षर ऐकलं नाही. फ्रॉकच्या खिशात स्क्रू साठवणाऱ्या मुलीला खारू म्हणणारं या जगात एकच माणूस आहे. ती डिस्क ताईची नाही, माझी नाही. तुझी आहे. पहिल्या दिवसापासून तुझीच होती.

उद्या ताई घरी येते. झाकणाचे स्क्रू पुसून लावलेत. मी जमिनीवर बसून जरा रडलो, तेही लिहून टाकतो.

मामा

•

२ मार्च

खारू,

तुझा मामा काही लपवू शकत नाही. प्लेअरच्या झाकणाचे स्क्रू लख्ख चमकत होते आणि बाकी कपाटावर बोटभर धूळ होती. वही पुढे केली, खूण केली, लिही. त्याने सगळं लिहिलं. बेंझीनसकट. तुझी पत्रंही दाखवली. त्यावर रागावू नकोस.

मग दार लावून मी ती डिस्क ऐकली. अठ्ठेचाळीस मिनिटं. बोलताना वाटलं होतं की सगळं नीट, मुद्देसूद समजावून सांगते आहे. ऐकताना कळलं की मी नुसती भांडते आहे. तू दारात काय बोललीस, कसं बोललीस, तू कधी केस नीट विंचरत नाहीस, बाबांच्या वेळी माझं कसं बरोबर होतं. एका जागी तर मी टेबलावर हात आपटला आहे. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, खाडाखोड करू दिली. इथे मला एक ओळ खोडता येत नाही. पुन्हा भरायला आवाज नाही.

हे तुझ्याकडे माझी आठवण म्हणून राहावं, असं मला वाटत नाही. स्टुडिओवाल्याला विचारलं. तो म्हणतो, एका बटणात कोरी होते. येत्या शनिवारी, नऊ तारखेला, सकाळी अकराला त्याला बोलावलं आहे. तुझ्या मामाने तोंड पाडलं आहे. पाडू दे.

त्या अठ्ठेचाळीस मिनिटांत एक शब्द मात्र कुठेच नाही. तो इथे लिहिते. चुकलं. तुला बोलवायला हवं होतं. ते तुझे बाबा होते, माझा निर्णय नव्हता.

आई

•

६ मार्च

आई,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. हे जलद टपालाने टाकते आहे आणि शनिवारच्या आत पोचावं म्हणून पोस्टातल्या बाईंच्या हातापाया पडले आहे. मामांना फोन करून उपयोग नाही आणि तुला करून तर अजिबातच नाही. हे लिहिताना मला हसू आलं. बाकीचं पोस्टातच बाकावर बसून लिहिते आहे.

ती पुसू नकोस.

आई, ऐक. दिवसभर माझ्या बेंचवर दुसऱ्यांचे आवाज दुरुस्त होतात. घरी गेल्यावर खोलीत कुणी नसतं. मी केस विंचरले नाहीत तर कुणाला कळतही नाही. तीन वर्षांत मला कुणी रागावलं नाही. माझं सगळं बरोबर आहे म्हणून नाही, तेवढं माझं कुणी नाही म्हणून.

मी दारात जे म्हणाले, ते खरं नव्हतं. बसमध्ये चढल्याबरोबर कळलं होतं. खाली उतरले नाही, कारण मी तुझी मुलगी आहे.

तू लिहिलेला शब्द मी पाकिटात परत ठेवला, तो मला जपायचा आहे. पण तो कागदावर आहे, आई. त्याला आवाज नाही. मला तू हवी आहेस, भांडणारी. हात आपटलास तो आवाजही हवा. माझ्याकडे तो एवढाच उरणार आहे. तो पुसायचा हक्क तुझा नाही. मामा म्हणाले ना, माझा आहे.

मी रविवारी पहिल्या बसने निघते. डिस्कची नक्कल काढायचं मशीन सोबत आणते.

पत्र वेळेवर पोचू दे, एवढंच.

खारू

•

९ मार्च

भाचीबाई,

तू निघायच्या आत हे पोचणार नाही, तुझ्या टेबलावर पडून राहील. तरी लिहितो, न लिहून चैन पडणार नाही.

अकराला पाच मिनिटं कमी असताना स्टुडिओवाला आला. मी चहा ठेवला आणि तो मुद्दाम तीनदा उकळू दिला. ताईने डिस्क डबीतून काढून टेबलावर ठेवली. तो म्हणाला, "बाई, नक्की ना? परत येत नसतं." ताईने मान डोलावली आणि डिस्क त्याच्यापुढे सरकवली. मी चहात चौथ्यांदा साखर घालत होतो.

पोस्टमनने घंटा वाजवली. मला ऐकू आली नाही. ताईला आली. तिनेच दार उघडलं, उभ्या उभ्या पत्र वाचलं, मग पहिल्यापासून परत वाचलं. स्टुडिओवाल्याने डिस्क पिशवीत टाकली होती. ताईने त्याच्या खांद्यावर हात मारला आणि तोंड उघडलं, जशी वर्गात उघडायची. आवाज नुसता हवेचा आला. पण तो असा दचकला, की पिशवीच खाली ठेवली.

आता ती डिस्क प्लेअरमध्ये आहे. ट्रे बंद. ताई त्याच्यासमोर खुर्ची टाकून पहारा देत बसली आहे आणि मला जवळपास फिरकू देत नाही. खाली जागा ठेव अशी खूण करते, तिला चार शब्द लिहायचे आहेत.

मामा

खारू,
रविवारी दार मी उघडेन. बोलणं डिस्कवर आहे, ते तू आत बसून सावकाश ऐक.
येताना केस विंचरून ये.
आई